गोधडीचा काठ कसा लावावा? मगजी, संजाफ आणि मजुरीचा हिशेब

गोधडी ही पूर्वी घरातल्या जुन्या लुगड्यांची, घरच्याच माणसांसाठी शिवली जात असे. आता ती दुकानांत, प्रदर्शनांत विकली जाते आणि तिच्यावर अनेक घरांची मिळकत चालते. घरी वापरायच्या गोधडीचा काठ वाकडा झाला तर कोणी बोलत नाही. विकायच्या गोधडीचा काठ वाकडा झाला तर नग परत येतो, आणि बहुतेक वेळा शिवणाऱ्या भगिनीची मजुरी कापली जाते.

आम्ही कापडाच्या व्यापारात आहोत. काठासाठी कापड घ्यायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा रंगाचा असतो. आमच्या मते रंग शेवटी ठरवावा. काठ हा गोधडीचा सर्वांत आधी झिजणारा भाग आहे. पांघरताना हात तिथेच पडतो, धुताना पिळ तिथेच बसतो. म्हणून गोधडी कोण वापरणार, ती किती वेळा धुतली जाणार आणि काठ फाटल्यावर तो बदलता येणार की नाही, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

काठाचे चार प्रकार

पहिला प्रकार म्हणजे वरच्या आणि खालच्या कापडाच्या कडा आत दुमडून एकमेकींना शिवणे. यात आतले थर अर्धा इंच आखूड ठेवावे लागतात. खर्च काहीच नाही. मात्र कड झिजली की आतले थर उघडे पडतात.

दुसरा प्रकार म्हणजे खालचे कापड चोहोबाजूंनी मोठे ठेवून ते वर आणून शिवणे. हेही स्वस्त आणि झटपट होते. पण काठ फाटला तर खालचे कापडच फाटले असे होते, बदलायला जागा राहत नाही.

तिसरा प्रकार मगजीचा. ही वेगळी, अरुंद पट्टी. तिने सगळ्या थरांची कड झाकली जाते. चौथा प्रकार रुंद पट्टीचा, जिला आमच्या घरांत संजाफ म्हणतात. ती गोधडीच्या वरच्या कापडाला जोडतात आणि तिच्यावरूनही धावदोरा घालतात. संजाफ लावली तरी अगदी कडेला मगजी लागतेच.

काठ वेगळा न लावण्याचीही एक जुनी आणि पक्की रीत आहे. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंदी शिवतात. या समाजात मुसलमान, हिंदू आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. कवंदी कडेपासून सुरू होते. कडा दुमडत, ठिगळे बसवत शिलाई फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे जाते. शेवटी चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी घडीची ठिगळे बसवतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. फुलांवाचून कवंदी नागडी समजली जाते. म्हणजे काठ आणि कोपरा यांचा विचार तिथे पहिल्या टाक्यापासून असतो, काम संपल्यावर नव्हे.

आमची शिफारस अशी: रोजच्या वापराच्या आणि वरचेवर धुतल्या जाणाऱ्या गोधडीला वेगळी मगजी लावावी. काही वर्षांनी ती उसवून नवी लावता येते आणि गोधडीचे आयुष्य वाढते.

आधी काय, नंतर काय

संजाफ धावदोऱ्याच्या आधी जोडावी, मगजी सर्वांत शेवटी. धावदोरा घालताना थर आत ओढले जातात आणि माप थोडे कमी होते. मगजी आधी लावली तर गोधडी आक्रसते आणि पट्टी मोकळी राहते. धावदोरा संपल्यावर कडा सरळ कापून घ्याव्यात आणि मग मगजी लावावी.

माप मधून घ्यावे

झोल येण्याचे सर्वांत मोठे कारण मापात असते. लांब पट्टी कडेला लावत जायची आणि शेवटी उरेल ती कापायची, ही सवय सर्वत्र दिसते. पण हाताळून हाताळून कड ताणलेली असते. तिच्यावर बेतलेली पट्टी जास्त लांब होते आणि काठ लाटेसारखा हलतो.

म्हणून फीत गोधडीच्या मधोमध धरावी. दोन-तीन ठिकाणी माप घेऊन मधले धरावे. समोरासमोरच्या दोन्ही पट्ट्या त्याच मापाच्या, शिलाईची जागा सोडून, कापाव्यात. पट्टी दोनदा दुमडून चार भागांच्या खुणा कराव्यात, तशाच कडेवर कराव्यात आणि खुणेला खूण लावून टाचण्या माराव्यात. कडेचे अर्धा इंच कापड जास्त वाटले तर ते सारखे पसरून घ्यावे. काठाच्या मापात गोधडी बसवावी, गोधडीमागे काठ ओढू नये.

सरळ कोपरा की तिरका?

समजा मधला भाग ५२ बाय ८२ इंच आहे आणि चार इंचांची संजाफ लावून ६० बाय ९० ची गोधडी करायची आहे. सरळ कोपऱ्याला ८२ इंचांच्या दोन आणि ६० इंचांच्या दोन, मिळून २८४ इंच पट्टी लागते. तिरक्या जोडाला ९० च्या दोन आणि ६० च्या दोन, म्हणजे ३०० इंच. शिलाईची जागा दोन्हींत वेगळी. फरक १६ इंचांचा. शंभर नगांना १,६०० इंच, म्हणजे सुमारे ४० मीटर पट्टी जास्त. ४४ इंच पन्ह्यातून पाच इंचांच्या आठ पट्ट्या निघतात, म्हणून प्रत्यक्षात कापड सुमारे पाच मीटर जादा लागते. कापडाचा खर्च फार नाही, पण तिरक्या कोपऱ्याला वेळ बराच जातो. साध्या कापडाला सरळ कोपरा पुरे. लुगड्याचा काठ किंवा पट्ट्यांची नक्षी असेल तर मात्र तिरका जोड घ्यावा, कारण सरळ कोपऱ्यात नक्षी तुटलेली दिसते.

मगजीचे कापड

साठ बाय नव्वदच्या गोधडीचा घेर ३०० इंच. जोड व कोपरे धरून ३१२ इंच पट्टी काढावी. जाड गोधडीला पट्टी तीन इंच रुंद कापून दुहेरी दुमडावी. ४४ इंच पन्ह्यात किनार सोडून ४२ इंच मिळतात, म्हणून आठ पट्ट्या, म्हणजे २४ इंच कापड. आटणे धरून पाऊण मीटर घ्यावे. उरेब पट्टी हवी असेल तर मीटरभर. गोल कोपऱ्याला उरेबच लागते. सरळ कडेलाही ती जास्त टिकते, कारण सरळ पट्टीच्या घडीवर एक-दोनच धागे सगळी झीज सोसतात, उरेबमध्ये ती पुष्कळ धाग्यांवर वाटली जाते.

जुनी लुगडी अनेकदा धुऊन आटलेली असतात, नवे सुती कापड नसते. ते शेकडा तीन आटले तरी ९० इंचांत पावणेतीन इंचांना चुण्या पडतात. म्हणून नवे कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच कापावे. त्याच वेळी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग पाहावा. फडक्यावर रंग आला तर ते कापड फिक्या गोधडीला लावू नये. गर्द लाल आणि गर्द निळ्या रंगाची परीक्षा कधीही टाळू नये.

मजुरी कशी ठरवावी

हा मुद्दा व्यापारी बंधूंसाठी आहे. धावदोऱ्याचे काम क्षेत्रफळावर वाढते, काठाचे काम घेरावर. ३६ बाय ४५ इंचांच्या बाळाच्या दुपट्याचे क्षेत्रफळ मोठ्या गोधडीच्या ३० टक्के असते, पण त्याचा घेर १६२ इंच, म्हणजे मोठीच्या निम्म्याहून जास्त असतो. दुपट्याची मजुरी ‘तिसरा हिस्सा’ म्हणून ठरवली की शिवणारीला काठाचे काम निम्म्याहून अधिक आणि पैसे एक-तृतीयांश मिळतात. मग काठ घाईने लागतो, झोल येतो आणि नग परत येतो. आम्हाला हा सौदा दोघांच्याही तोट्याचा वाटतो.

उपाय सोपा आहे. धावदोऱ्याची मजुरी वेगळी आणि काठाची मजुरी लांबीवर वेगळी ठरवावी. काठाचा प्रकार, पट्टीची रुंदी, कोपरा सरळ की तिरका आणि कापड धुऊन देणार कोण, या चार गोष्टी ऑर्डर देतानाच कागदावर लिहाव्यात. न धुतलेले कापड व्यापाऱ्याने दिले आणि नंतर ते आटले, तर त्याचा बोजा शिवणारीवर टाकणे न्यायाचे नाही. भगिनींनीही नग देण्यापूर्वी तो सपाट जमिनीवर पसरावा, दोन्ही बाजू मोजाव्यात आणि कोन्यापासून कोन्यापर्यंतची दोन्ही मापे सारखी आहेत का ते पाहावे. पाच मिनिटांच्या या तपासणीने मोबदल्याची बोलणी बरोबरीच्या नात्याने करता येतात.