आघातकालीन विच्छेदनाचे मापन : बदलापूर परिसरातील पूरप्रसंगांच्या संदर्भात

प्रस्तावना :
२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी या स्थानकांदरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल व अन्य यंत्रणांनी दुसऱ्या दिवशी सुमारे १,०५० प्रवाशांची सुटका केली. अशा प्रसंगी वाचलेल्यांची मोजदाद होते; परंतु त्या वेळी मनात काय घडले, हे मोजता येते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना व साधन :
तीव्र आघाताच्या क्षणी जाणीव, स्मृती व स्वत्वाचा अनुभव यांतील सांधा निखळतो. काळ मंदावल्यासारखा वाटतो, समोरचे दृश्य स्वप्नवत भासते, आपण स्वतःकडेच दुरून पाहत आहोत असे वाटते. यास आघातकालीन विच्छेदन म्हणतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ चार्ल्स मार्मर व सहकाऱ्यांनी त्यासाठी दहा विधानांची प्रश्नावली विकसित केली. प्रत्येक विधानास १ ते ५ गुण असल्याने एकूण गुण १० ते ५० या दरम्यान येतात. एमिली ओझर व सहकाऱ्यांच्या २००३ मधील अधिविश्लेषणात, अभ्यासलेल्या सात घटकांपैकी आघातोत्तर तणाव विकृतीशी सर्वाधिक सहसंबंध याच घटकाचा आढळला.

मापनातील अडचणी :
पहिली अडचण काळाची. प्रश्नावली प्रसंगानंतर भरली जाते. म्हणजे ती अनुभव नव्हे, अनुभवाची स्मृती मोजते. २६ जुलै २००५ चा पूर अनुभवलेल्या बदलापूरकराचे आजचे उत्तर व त्याच आठवड्यातील उत्तर समान मानता येणार नाही. शिवाय आजची मनःस्थितीही स्मृतीला रंग देते.
दुसरी अडचण भाषेची. 'भान हरपणे' हा शब्दप्रयोग कीर्तनातील तल्लीनतेसही लागू पडतो; 'सुन्न होणे' हे शोकाचेही लक्षण असते. म्हणून विधान विशिष्ट प्रसंगाशी जोडूनच विचारावे लागते. फाळणीनंतरच्या निर्वासित छावण्यांतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरात सिंधी भाषकांसाठी स्वतंत्र भाषांतर व त्याचे प्रमाणीकरण आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
अधिक गुण म्हणजे रोगनिदान नव्हे. ती पुढील विचारपूस करण्याची सूचना होय. मदतकार्यात रडणाऱ्याकडे लक्ष सहज जाते, निश्चल बसलेला मात्र 'धीराचा' ठरतो. त्याची ती शांतता धैर्याची की विच्छेदनाची, हा प्रश्न विचारावयास लावणे, हेच या मापनाचे खरे मोल आहे. मात्र समुपदेशनाची सोय नसताना महाविद्यालयीन सर्वेक्षणात अशी प्रश्नावली वाटणे उचित ठरणार नाही.