अन्नाचें भय

अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठाच्या क्रीडांगणांत, प्रेक्षकांच्या आसनांखालीं, एक प्रयोगशाळा होती. १९४४ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत ३६ तरुण तेथें राहावयास आले. ते सर्व धडधाकट होते; मनानेंहि निरोगी असल्याची खात्री करून घेऊनच त्यांची निवड झालेली होती. युद्धांत शस्त्र हातीं धरावयाचें नाहीं असा त्यांचा धर्मबुद्धीचा निश्चय होता, आणि लढण्याऐवजीं दुसरी कांहींतरी सेवा आपल्या हातून घडावी म्हणून ते स्वखुषीनें उपाशी राहावयास तयार झाले होते. युद्ध संपल्यावर युरोपांतील भुकेलेल्या प्रजेला पुन्हां अन्नावर कसें आणावयाचें, हें त्या वेळीं कोणासच नीट ठाऊक नव्हतें. बंगालच्या दुष्काळांत १९४३ सालीं लक्षावधि माणसें मेलीं. परंतु मेलेल्यांची मोजदाद करणें निराळें, आणि भूक माणसाचें काय काय करते हें दिवसेंदिवस टिपून ठेवणें निराळें. तें टिपण्याचें काम एन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं अंगावर घेतलें.

पहिले १२ आठवडे या तरुणांना पोटभर जेवण मिळालें, सुमारें ३२०० उष्मांकांचें. पुढील २४ आठवडे तें जवळजवळ निम्म्यावर आणण्यांत आलें. पाव, बटाटे, सलगम, कोबी, मॅकरोनी. दिवसांतून दोन वेळां. आणि आठवड्याला २२ मैलांची पायपीट मात्र सुटली नाहीं. सहा महिन्यांच्या अखेरीस त्यांचें वजन सुमारें चतुर्थांशानें घटलें होतें. नाडी मंदावली, थंडी सोसेनाशी झाली. हें सारें अपेक्षितच होतें. आश्चर्य वाटलें तें निराळ्याच गोष्टींचें.

ज्यांना स्वयंपाकघराची वाट ठाऊक नव्हती ते तरुण पाककृतींचीं पुस्तकें जमवूं लागले. बोलणें अन्नाचें, स्वप्नें अन्नाचीं. ताटांत वाढलेलें अन्न कोणी पाण्यांत कालवून वाढवी, कोणी एकेक घांस घोळवून घोळवून जेवण लांबवी, आणि शेवटीं ताटली चाटून पुसून ठेवी. ही तऱ्हा पाहून दुसऱ्याला संताप येई, आणि तोहि उद्यां तेंच करी. विनोद संपला, मित्रमंडळी नकोशी झाली, स्त्रियांविषयींचें आकर्षण ओसरलें. मनाची परीक्षा करणाऱ्या प्रश्नावलींत उदासीनता आणि आपल्या प्रकृतीविषयींची काळजी हीं दोन्ही वर चढलीं. गंमत अशी कीं, आपलें डोकें चालत नाहीं अशी तक्रार जो तो करीत होता, परंतु बुद्धीच्या कसोट्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. पुन्हां अन्न वाढविण्यास प्रारंभ झाल्यावर एकानें लाकूड फोडतांना कुऱ्हाडीनें आपल्याच हाताचीं तीन बोटें तोडून घेतलीं. तें चुकून झालें कीं जाणूनबुजून, हें त्याचें त्यालाच सांगतां येईना. निर्बंध उठल्यावर कांहींजण पोट तट्ट फुगेपर्यंत जेवत, आणि तरीहि भूक भागली असें त्यांना वाटत नसे. कांहींना तर आपल्या पोटावर व मांड्यांवर चरबी चढत आहे अशी नवीनच रुखरुख लागली.

हा वृत्तांत १९५० सालीं दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध झाला. दुष्काळपीडितांसाठीं केलेला हा प्रयोग पुढें एका वेगळ्याच रोग्याच्या उशाशीं उपयोगी पडला. घरांत अन्न भरपूर, आईबाप हात जोडून जेव म्हणताहेत, आणि मुलगी जेवत नाहीं. अशा रोग्यांची जी वर्णनें वैद्यक ग्रंथांत होतीं, तीं आणि मिनेसोटांतील धडधाकट तरुणांचीं वर्णनें ओळीला ओळ जुळूं लागलीं. घासाचे बारीक तुकडे करणें, दुसऱ्यांसाठीं हौसेनें स्वयंपाक करणें, एकलकोंडेपणा, चिडचिड, तीच ती गोष्ट मनांत घोळत राहणें: ज्याला आजवर रोग्याचा स्वभाव म्हणत आले, त्यांतील बराचसा भाग भुकेचाच होता.

या व्याधीला नांव मिळालें तें १८७३-७४ च्या सुमारास. लंडन येथील वैद्य सर विल्यम गल यांनीं तिला ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ म्हटलें. त्याच वर्षीं पॅरिसमध्यें शार्ल लासेग यांनींहि तिचें वर्णन केलें. त्यापूर्वीं, १६८९ सालीं, रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्यानें क्षयावरील आपल्या ग्रंथांत दोन रोगी नोंदले होते: एक १८ वर्षांची मुलगी व एक १६ वर्षांचा मुलगा. हा व्याधि फक्त मुलींचाच असें म्हणणाऱ्यांनीं त्या मुलाची आठवण ठेवावी. गल यांना एक गोष्ट खटकली होती. हाडांचा सांपळा झालेली मुलगी अंथरुणाला खिळून राहावयाची, ती उलट दिवसभर येरझारा घालीत असे. नांव मात्र फसलें. ॲनोरेक्सिया म्हणजे भूक नसणें. या रोग्यांना भूक नसते असें नाहीं. भूक असते, आणि तिचेंच भय असतें. पुढें १९७९ सालीं जेराल्ड रसेल यांनीं ‘बुलिमिया नर्व्होसा’ हा दुसरा प्रकार वर्णिला. त्यांत रोगी एका बैठकीला अचाट खातो आणि मागाहून ओकारी काढून किंवा रेचक घेऊन तें फेडूं पाहतो. अशा रोग्याचें वजन पुष्कळदां चारचौघांसारखें असल्यामुळें घरांतल्यांना वर्षानुवर्षें संशयहि येत नाहीं.

उपाशी राहिल्यानें चिंता उत्पन्न होते हें मिनेसोटानें दाखविलें. परंतु उपाशी राहावयाचें आरंभीं सुचतें कां? येथें दुसऱ्या दिशेनें शोध सुरू झाला. २००४ सालीं वॉल्टर के व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आहारविकृतीच्या ६७२ रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील सुमारें दोनतृतीयांश लोकांना आयुष्यांत केव्हांना केव्हां तरी चिंतेची एखादी ठळक विकृति जडलेली होती. आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणतात तो शेंकडा ४१ जणांना होता. चारचौघांत वावरण्याची भीति शेंकडा २० जणांना. आणि मुख्य मुद्दा हा कीं, बहुतेकांनीं सांगितलें, ही चिंता लहानपणापासूनची. अन्नाचा प्रश्न मागाहून आला. ज्यांना अशी ठळक विकृति कधींच नव्हती तेहि सर्वसाधारण माणसांपेक्षां अधिक धास्तीखोर, अधिक काटेकोर निघाले. या पुराव्यांत एक उणीव आहे. रोग्यानें आपलें बालपण आठवून सांगितलें आहे, आणि आजची चिंता कालच्या आठवणींनाहि आपला रंग देते. परंतु २०१९ सालीं सुमारें १७००० रोग्यांच्या आनुवंशिक द्रव्याची जी तपासणी प्रसिद्ध झाली, तिनेंहि ॲनोरेक्सियाचें नातें मंत्रचळाशीं व चिंतेशीं जोडून दाखविलें आहे. शिवाय शरीरांतील साखर व चरबी यांच्या व्यवहाराशींहि. तेव्हां हा निव्वळ मनाचा खेळ नव्हे.

भय आणि भय टाळणें यांचा एक साधा हिशेब आहे. अंधारांत विहिरीकडे जावयास भिणारें मूल निम्म्या वाटेवरून परत फिरतें. फिरतांच त्याच्या छातींतील धडधड थांबते. तो सुटकेचा श्वास त्याला शिकवितो कीं परत फिरण्यांतच रक्षण आहे. दुसऱ्या दिवशीं तें उंबऱ्यावरूनच फिरतें. ताटापुढें बसलेल्या रोग्याचें असेंच होतें. न्यू यॉर्क येथें जोॲना स्टाइनग्लास व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रोग्यांना प्रयोगशाळेंत जेवावयास बसविलें आणि जेवणापूर्वींची त्यांची चिंता मोजली. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत ज्याची चिंता जास्त त्याचें खाणें कमी, असें स्पष्ट दिसलें. पान दूर सारलें कीं चिंता निवते, आणि निवली म्हणूनच उद्यां पान सारणें अधिक सोपें जातें. कालांतरानें त्यांत विचारहि उरत नाहीं. याच मंडळींनीं २०१५ सालीं दाखविलें कीं, अन्न निवडतांना या रोग्यांच्या मेंदूचा जो भाग अधिक गुंतलेला असतो तो संवयीशीं निगडित आहे. आरंभीं हट्ट असेल; पण मुरल्यावर ती संवय होते, आणि संवयीशीं वाद घालून ती सुटत नाहीं.

निरोगी माणसांतहि हा संबंध दिसतो, परंतु सरळ नाहीं. पीटर हर्मन व जॅनेट पोलिव्ही यांनीं १९७५ सालीं कॉलेजांतील मुलींना विजेच्या धक्क्याची धास्ती घालून त्यांचें खाणें मोजलें. एरव्हीं मनमोकळें जेवणाऱ्या मुलींचें खाणें धास्तीनें कमी झालें. ज्या नेहमीं स्वतःला आवरून, मोजून मापून जेवत, त्यांचें मात्र कमी झालें नाहीं; किंचित् वाढलेंच. त्याच वर्षींच्या दुसऱ्या प्रयोगांत अशा मोजून जेवणाऱ्या मुलींना प्रथम मिल्कशेक पाजलें, आणि मग चव पाहण्याच्या निमित्तानें आइसक्रीम पुढें ठेवलें. ज्यांनीं मिल्कशेक प्यालें त्यांनींच आइसक्रीम अधिक खाल्लें! नियम एकदां मोडला, मग आज काय उरलें, असा तो विचार. ज्यानें कधीं एकादशी मोडली असेल त्याला हा विचार परका वाटणार नाहीं.

हा रोग पाश्चात्त्यांचा, पोट भरलेल्यांचे चोचले, असें म्हणण्याची रीत आहे. तिला थोडा आधारहि आहे. फिजी बेटांतील नाड्रोगा भागांत १९९५ सालीं दूरचित्रवाणी नुकतीच आली होती. ॲन बेकर यांनीं त्या सालीं व पुन्हां १९९८ सालीं तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याविषयीं विकृत वृत्ति दर्शविणाऱ्या मुली शेंकडा १२.७ वरून २९.२ वर गेल्या. वजन घटविण्यासाठीं ओकारी काढणारी पूर्वीं एकहि नव्हती, त्या शेंकडा ११.३ झाल्या. जेथें भरदार बांधा हें घरच्या मायेचें लक्षण मानीत, तेथें तीन वर्षांत हें घडलें. परंतु याच्या उलट हाँगकाँगचा पुरावा आहे. तेथें सिंग ली यांनीं १९९३ सालीं वर्णिलेल्या ७० रोग्यांपैकीं निम्म्याहून अधिकांना लठ्ठपणाची भीति कधींच नव्हती. पोट फुगतें, भूक लागत नाहीं, असें ते सांगत. आणि तरी तसेच झिजत. भीतीला बोलावयास भाषा लागते, आणि ती भाषा ज्या त्या देशाची असते.

भारतांतील एक अनुभव येथें बोलका आहे. मायकेल किंग व दिनेश भुग्रा यांनीं १९८९ सालीं उत्तर भारतांतील शाळकरी मुलींची पाहणी प्रसिद्ध केली. परदेशांत तयार झालेली प्रश्नावली त्यांनीं वापरली होती, आणि तिच्या मापानें पुष्कळ मुली संशयित ठरल्या. बारकाईनें पाहतां असें दिसलें कीं, कांहीं प्रश्नांचा अर्थ मुलींनीं आपल्या घरच्या रीतीप्रमाणें घेतला होता. अन्न वर्ज्य करणें, जिभेवर ताबा ठेवणें, हें ज्या घरांत व्रत समजतात तेथें त्याला होय म्हणणारी मुलगी आजारी नव्हे. पण नाण्याची दुसरी बाजू महाराष्ट्रांतल्या कोणत्याहि घराला ओळखीची वाटेल. सोमवार, संकष्टी, एकादशी, चातुर्मास. आणि खरोखरच जी आजारी आहे तिला न जेवण्यास याहून मानाचें निमित्त कोणतें? फरक ओळखावयाचा तो उपासांत नव्हे, पारण्यांत. उपास करणारी दुसऱ्या दिवशीं चवीनें जेवते. भिणारी पारणेंहि पुढें ढकलते, घरच्यांबरोबर पंगतीला बसावयाचें टाळते, वजनाच्या कांट्यावर दिवसांतून चार वेळां उभी राहते, आणि पाळी बंद झाली तरी कोणाला सांगत नाहीं.

उशीर महागांत पडतो. २०११ सालीं अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून पाहतां, या रोग्यांत मृत्यूचें प्रमाण त्याच वयाच्या इतर लोकांच्या जवळजवळ सहापट आढळलें, आणि दर पांच मृत्यूंपैकीं एक आत्महत्येचा होता. घाईहि तितकीच घातक ठरते. फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर खाऊं घातल्यास रक्तांतील फॉस्फेट व इतर क्षार झपाट्यानें उतरून हृदय बंद पडूं शकतें. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सुटलेल्या बंदिवानांत डॉक्टरांनीं हें प्रत्यक्ष पाहिलें. म्हणून फार खंगलेल्या रोग्याचा पहिला घांस रुग्णालयांतच, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं पडावा.

गल यांचें मत होतें कीं अशा मुलीला नातलगांपासून दूर ठेवावें. घरचीं माणसेंच तिचीं वाईट शुश्रूषक. शंभर वर्षें बहुतेकांनीं तें मानलें. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयांत तें उलटें करून पाहण्यांत आलें. १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या तेथील तुलनेंत, ज्यांचा आजार १९ वर्षांच्या आंत सुरू झाला व तीन वर्षांहून कमी मुरला होता, त्यांना घरच्यांसह केलेल्या उपचारानें अधिक गुण आला. या पद्धतींत आईबापांना दोष देत नाहींत आणि मुलीशीं वादहि घालीत नाहींत. दुसऱ्या बैठकीला घरच्यांनीं डबा घेऊन यावयाचें असतें. सर्वजण तेथेंच जेवावयास बसतात. मुलीनें जेवढें खावयाचें ठरविलें असेल तेवढें खाऊन ती थांबली, म्हणजे वैद्य आईबापांना तिच्या दोन्ही बाजूंना बसवितो, आणि तिच्याकडून त्याहून एकच घांस अधिक खाववून घ्या, असें सांगतो. बैठक कधीं तासाभरांत संपते, कधीं त्याहून लांबते. तो एक घांस पोटांत जाईपर्यंत सहसा कोणी पानावरून उठत नाहीं.