कॅल्शिअम कमी, तरी स्नायू ताठ का?

स्नायू आकुंचन पावायला कॅल्शिअम लागते. मग रक्तातले कॅल्शिअम घटले, तर स्नायू सैल पडायला हवेत. प्रत्यक्षात घडते नेमके उलटे. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, मनगट वाकते, बोटे ताठ होतात आणि अंगठा तळहाताकडे ओढला जातो. या विकाराला टेटॅनी म्हणतात. धनुर्वात, म्हणजे टिटॅनस, हा रोग वेगळा. तो जिवाणूंच्या विषामुळे होतो.

या कोड्याचे उत्तर असे, की आकुंचनाला लागणारे कॅल्शिअम रक्तातून येत नाही. ते स्नायूपेशीच्या आतच साठवलेले असते आणि चेतातंतूकडून संदेश आला की मोकळे होते. रक्तातल्या कॅल्शिअमचे काम निराळे. चेतातंतूच्या आवरणात सोडिअमचे आयन आत सोडणारी सूक्ष्म दारे असतात. बाहेरच्या कॅल्शिअममुळे ती सहजासहजी उघडत नाहीत. कॅल्शिअम घटले की ती जराशा निमित्ताने उघडतात. चेतातंतू कारण नसताना संदेश धाडू लागतात आणि स्नायू बिचारे ते पाळत राहतात!

रक्तातले कॅल्शिअम योग्य पातळीवर राखतात त्या गळ्यातल्या इवल्याशा परावटू ग्रंथी. या ग्रंथी काढलेल्या कुत्र्यांना टेटॅनी होते आणि कॅल्शिअमचे क्षार टोचल्यावर ती थांबते, हे मॅक्कॅलम आणि फोग्टलिन यांनी 1909 साली दाखवले. मॅग्नेशिअम फार कमी झाले तर या ग्रंथींचे काम मंदावते. अशा वेळी नुसते कॅल्शिअम देऊन भागत नाही, मॅग्नेशिअमही द्यावे लागते. 'ड' जीवनसत्त्वाची मोठी कमतरता हेही टेटॅनीचे एक कारण आहे.

100 मिलिलिटर रक्तद्रवात साधारण 9 ते 10 मिलिग्रॅम कॅल्शिअम असते. त्यातले जवळजवळ निम्मे प्रथिनांना चिकटलेले असते. चेतातंतूंवर परिणाम होतो तो मोकळ्या आयनांचा. घाबरलेले मूल भराभर श्वास घेते, तेव्हा रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त अधिक अल्कधर्मी होते आणि जास्त कॅल्शिअम प्रथिनांना चिकटते. एकूण कॅल्शिअम तेवढेच राहूनही बोटे आखडतात ती यामुळे.

परीक्षेच्या वेळी असे घडले, तर मुलाला धीर द्यावा, सावकाश श्वास घ्यायला सांगावे. मात्र दुसरे काही कारण नाही ना, याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी. खेळताना पोटरीत येणारा गोळा मात्र बहुधा टेटॅनी नसतो. तेव्हा पाय ताणून, चोळून पाहावा. रक्त न तपासता कॅल्शिअमच्या गोळ्या सुरू करू नयेत.

आता विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारू या. कुपोषणामुळे रक्तातली प्रथिने घटली आणि तपासणीत एकूण कॅल्शिअम कमी आले, तरी त्या रुग्णाला टेटॅनी होईलच असे का नाही?