किती चालेल, मिळेल का, पावसात धरेल का?

दूरच्या प्रवासाला मोटारसायकल काढणाऱ्यांच्या गप्पांत टायर हा स्वतंत्र विषय झाला, त्याला वीसेक वर्षं होत आली. त्याआधी टायर गोटा झाला की बदलायचा आणि जो होता तोच पुन्हा बसवायचा, एवढाच शिरस्ता होता. आज चारशे सीसीच्या गाडीसाठीसुद्धा दुकानदार चार-पाच कंपन्यांचे टायर पुढ्यात टाकतो आणि घेणारा चक्रावतो. काउंटरवरचा पहिला प्रश्न या काळात दोनदा बदलला. त्यामागे गाड्या आहेत, सरकारी धोरण आहे आणि आपला पाऊसही आहे.

सुरुवात करिझ्मापासून करावी लागते. २००३ मध्ये हीरो होंडाने ही २२३ सीसीची गाडी आणली आणि वेग व लांबचा पल्ला एकाच गाडीत मिळतो हे इथल्या तरुणांना पटलं. टायर मात्र जुन्या वळणाचे होते. पुढे २.७५-१८, मागे १००/९०-१८ आणि आत ट्यूब. अठरा इंची रिमला पर्याय मोजकेच. ‘किती चालेल?’ याच्या पुढे कोणी काही विचारत नसे, आणि त्या हिशेबात कडक रबर नेहमीच जिंकायचं. कडक रबर पावसात लवकर तापत नाही, ओल्या डांबराला धरत नाही, हे कळायचं ते घाटात मागचं चाक सरकल्यावर.

२००७ च्या पल्सरबरोबर ट्यूबलेस टायर आले. खिळा घुसला तरी हवा एकदम जात नाही आणि चाक न काढता पंक्चर काढता येतं, हा दिलासा आडवाटेला मोठा होता. त्याच सुमाराला जाड टायरची हौस फोफावली. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, गोलाई बिघडते आणि वळणावर झुकलेल्या गाडीखाली रबर उलट कमीच टेकतं. गाडी उभी असताना रुबाबदार दिसायची, वाकवताना जड लागायची. तरी ती फॅशन बरीच वर्षं टिकली.

तोवर युरोपात लांब पल्ल्याच्या टायरची वेगळी घडण झाली होती. मोटारसायकलचे रेडियल टायर १९८० च्या दशकातच आले होते. साध्या टायरमध्ये धाग्यांचे थर तिरके, एकमेकांना छेदून बसवलेले असतात. चाक फिरताना ते आपसांत घासतात आणि टायर तापतो. रेडियलमध्ये धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात आणि वरून घेराच्या दिशेने पट्टा गुंडाळलेला असतो. पट्टा पोलादी तारेचा असेल तर वेगातही टायरचा आकार फुगत नाही. मिशलिनने २००७ मध्ये पायलट रोड २ आणला, त्यात मधल्या भागाला टिकाऊ रबर होतं आणि दोन्ही बाजूंना मऊ. सरळ हायवेवर टायर झिजू नये आणि वळणात सुटू नये, या दोन्ही गरजा एकाच टायरने भागवायच्या होत्या. पुढे २०११ च्या पायलट रोड ३ मध्ये पाणी कापणाऱ्या बारीक चिरा आल्या. पिरेलीने तर २००९ च्या एंजल एसटीच्या नक्षीत गंमत केली. नव्या टायरवर देवदूताचा चेहरा, आणि वरवरच्या रेघा झिजल्या की सैतानाचा.

आपल्याकडे हा बदल पोचला तो नव्या गाड्यांबरोबर. २०११ मध्ये होंडा सीबीआर २५०आर आली, कावासाकीची निन्जा ६५०आर आली. २०१३ मध्ये चाकणच्या कारखान्यातून केटीएमची ३९० ड्यूक बाहेर पडली, तीही मेट्झेलर स्पोर्टेक एम५ टायर घेऊन. मागचं माप १५०/६०-१७. डिसेंबर २०१६ मध्ये बजाजच्या डोमिनारनेही मागे तेच माप घेतलं आणि एका मापाभोवती बाजार उभा राहिला. स्पोर्टेक हा जातिवंत स्पोर्ट टायर. वळणात त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकावा, पण पुणे-बंगळूर रस्त्यावर सरळ पळवली की त्याचा मधला भाग भराभर उतरायचा. मग मालकांना पहिल्यांदाच खरी निवड करावी लागली. मऊ घ्यायचा की टिकाऊ, की दोन्हींचा मेळ घालणारा? स्पोर्ट टूरिंग टायर नावाची तिसरी वाट असते, हे तेव्हा कानावर आलं.

निवड हाताशी येते न येते तोच दार अर्धं लोटलं गेलं. १२ जून २०२० रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने नव्या टायरची आयात ‘प्रतिबंधित’ यादीत टाकली. परवान्याशिवाय माल येईना, आणि त्यात मोटारसायकलचे टायरही होते. १२०/७० आणि १८०/५५ मापांच्या मोठ्या गाड्यांना देशी पर्याय जवळपास नव्हताच. आता दुकानात शिरल्या शिरल्या विचारलं जाऊ लागलं, ‘मिळेल का?’ जो मिळेल तो, ज्या भावात मिळेल त्या भावात घ्यायचा.

या टंचाईने एक चांगली सवय मात्र लावली. टायरच्या बाजूवर लंबगोलात कोरलेले चार आकडे लोक वाचायला लागले. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गोदामात पडून असलेला माल नवा म्हणून खपवला जातो तेव्हा हेच आकडे खरं सांगतात. नखाने दाबून पाहायचं, खोबणीच्या तळाशी बारीक तडे आहेत का ते पाहायचं. नक्षी पूर्ण असली म्हणून टायर ताजा ठरत नाही.

देशी कंपन्यांनी त्या पोकळीत पाय रोवले. अपोलोचा अल्फा एच१, एमआरएफचा स्टील ब्रेस, टीव्हीएस युरोग्रिपचा रोडहाउंड हे पोलादी पट्ट्याचे रेडियल आता सर्रास ऐकू येतात, आणि रोडहाउंड तर स्पोर्ट टूरिंग म्हणूनच विकला जातो.

पण दुकानातल्या फळीकडे बघण्याआधी बघायचा असतो तो उतरवलेला जुना टायर. मागचं चाक निघालं, साबणाचं पाणी मारून काठ सुटला, की टायर उभा धरून समोरून पाहावा. महाराष्ट्रातल्या बहुतेक टायरची गोलाई मधोमध गेलेली असते. तिथे तीन-चार बोटं रुंदीचा सपाट पट्टा, आणि दोन्ही काठांना जवळजवळ कोरं रबर. बायकर मंडळी त्या कोऱ्या पट्ट्यांना ‘चिकन स्ट्रिप्स’ म्हणून चिडवतात. तो टायर सांगत असतो की गाडी बहुतेक वेळ सरळ धावली, चौपदरी डांबरावर नाहीतर काँक्रीटवर. असा चौकोनी झालेला टायर वळणाला आधी आडून बसतो आणि सपाटीची कड ओलांडली की गाडी एकदम आत कलंडते. कायद्याने दुचाकीच्या नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर असावी लागते. गोलाई त्याच्या कितीतरी आधी जाते, आणि घाटातला भरवसा तिच्याबरोबर जातो. पुढच्या टायरची नक्षी करवतीसारखी एका बाजूने उतरली असेल तर आधी हवेचा दाब तपासावा. उदाहरणार्थ, कावासाकीच्या निन्जा १००० एसएक्सला पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय लागतात. कोपऱ्यावरचा हवावाला सवयीने मारतो ती हवा तिला पुरत नाही.

आपल्या प्रवासाची वाटणीच अशी आहे. दुचाकीला ना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खुला, ना समृद्धी. तरी इतर महामार्गांवर शेकडो किलोमीटर नाकासमोर जायचं, आणि शेवटी ताम्हिणी, आंबोली किंवा अणुस्कुऱ्यात वीस-तीस किलोमीटर वळणं घ्यायची. तीही जुलैत, धुक्यात, डोंगरावरून वाहून आलेल्या लाल मातीवर. मध्ये टिकाऊ आणि काठाला मऊ हा टायर आपल्याच रस्त्यांसाठी बेतल्यासारखा आहे. त्यात सिलिका मिसळलेलं रबर थंड, ओल्या रस्त्यावरही लवचिक राहतं. नक्षी कितीही खोल असली तरी पावसातली निम्मी लढाई रबरच लढतं. म्हणून ‘पावसात धरेल का?’ हा प्रश्न आता पहिला झाला आहे, आणि तो व्हायलाच हवा होता. निव्वळ स्पोर्ट टायर ट्रॅकवर जाणाऱ्याने घ्यावा. सह्याद्री ओलांडणाऱ्याला त्याचा उपयोग थोडा आणि खर्च फार.

दोन गोष्टी अजूनही दुर्लक्षल्या जातात. नवा टायर पहिले दीडशे किलोमीटर निसरडा असतो, त्यामुळे तो ट्रिपच्या आदल्या संध्याकाळी बसवू नये. आणि पुढे साधा, मागे रेडियल अशी मनाने जोडी लावू नये. पुढचा आणि मागचा टायर एकमेकांना धरून बनवलेले असतात.

‘पावसात धरेल का?’ याचं उत्तर मिळण्याची सोय मात्र प्रश्नाइतकी पुढे गेलेली नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारने कार, हलकी मालवाहू वाहनं, बस आणि ट्रक यांच्या टायरसाठी ओल्या रस्त्यावरच्या पकडीचे निकष अधिसूचित केले. दुचाकीचे टायर त्यात नाहीत. ज्या देशात रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या दोन चाकांच्या, तिथे पावसात सगळ्यात आधी आडवा होणाराच या हिशेबातून वगळला गेला. तो निकष दुचाकीलाही लागू होऊन त्याचा आकडा टायरच्या बाजूवर छापून येईपर्यंत दुकानदाराचा शब्द आणि मित्रांचे अनुभव यांवरच भागवावं लागेल. टायर उत्पादक आणि स्वार, दोघांनीही सरकारकडे हा आकडा मागण्याची वेळ आली आहे.