विक्रीवरचा वाटा

डोनट म्हणजे तळलेले मैद्याचे गोड कडे. एवढ्याशा जिनसेवर केवढा व्यापार उभा राहिला, ते पाहा. आठवीनंतर शाळा सुटलेला विल्यम रोझेनबर्ग महायुद्धानंतर बॉस्टनच्या परिसरात मोटारीतून कारखान्यांच्या दारी खाणे विकी. हिशेब तपासता त्याला आढळले, की गल्ल्यातला सुमारे 40 टक्के पैसा कॉफी आणि डोनट यांचाच आहे! 1948 साली त्याने क्विन्सी गावी या जिनसांचे दुकान थाटले. 1950 साली त्याचे नाव 'डंकिन डोनट्स' झाले.

1955 पासून त्याने नाव आणि रीत दुसऱ्यांना वापरू देण्यास प्रारंभ केला. भांडवल दुकानदाराचे, राबणेही त्याचेच. कंपनीला मिळतो विक्रीचा ठराविक हिस्सा. नफ्याचा नव्हे, विक्रीचा. खरी मेख येथे आहे. मैदा महागला, नफा आटला, तरी तो वाटा सुटत नाही. खप वाढावा ही कंपनीची ओढ, शिल्लक उरावी ही दुकानदाराची. याला भागीदारी म्हणायला मी तरी तयार नाही.

रोझेनबर्गचा मेव्हणा मात्र खरोखरीचा भागीदार होता. तो फुटला आणि त्याने 'मिस्टर डोनट' काढले. अमेरिकेतील त्याची बहुतेक दुकाने 1990 नंतर डंकिनमध्येच विरली. जपानात ते नाव आजही चालते. आणि डंकिनने 2019 साली पाटीवरून 'डोनट्स' हा शब्दच उतरवला. तोवर गल्ला मुख्यत्वे कॉफीवर भरू लागला होता.