आकडा लावावा तर गाडगीळांनी!

काय मालक, सोलापूर म्हटलं की चादर, शेंगाचटणी आणि कडक भाकरी, एवढंच ना? थांबा! माहीत आहे का, एका थिंक टँकच्या बॉसने अख्खं सोलापूर सर्व्हेच्या मागावर चढवलं होतं? नाव धनंजयराव गाडगीळ. पुस्तक ‘शोलापूर सिटी : सोशिओ-इकॉनॉमिक स्टडीज’, साल १९६५.

थिंक टँक कुठला? पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था. १९३०ला ती सुरू झाली तेव्हा डायरेक्टरसाहेब तिशीच्याही आत. खुर्ची सोडली १९६६ला. एवढी टर्म मिळालेला एक मुख्यमंत्री दाखवा!

अभ्यास केंब्रिजचा, छापखाना ऑक्सफर्डचा! भारतीय उद्योगांवरचं त्यांचं पहिलं पुस्तक आलं १९२४ला. वय? फक्त तेवीस.

संस्थेचे पाहुणेही तसेच हेवीवेट. २९ जानेवारी १९३९ला इथल्या काळे स्मृती व्याख्यानात कोण बोललं, माहीत आहे का? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विषय, संघराज्य. टाळ्या!

आता गोड बातमी. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांचा, हे पाठ असेल. पण पहिले चेअरमन? आपले गाडगीळ! १९५०ला पहिलं गाळप झालं आणि प्रोफेसर थेट उसाच्या फडात. पंढरपूर-माळशिरसकडे आज चिमण्यांची जी गर्दी दिसते, तिचं मूळ त्या प्रयोगात आहे. आमच्या मते हे त्यांचं सगळ्यात मोठं राजकारण. कारखान्याच्या गेटवरून आमदारकीचा रस्ता पुढे किती जणांना सापडला, मोजा!

संयुक्त महाराष्ट्र परिषदेतही शंकरराव देवांसोबत ते होतेच. खासदारकी मिळाली, तीही राष्ट्रपतिनियुक्त. ना सभा, ना हार, ना डीजे.

आणि मग ब्लॉकबस्टर! १९६७ला नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. वरच्या खुर्चीत इंदिरा गांधी. केंद्राचा पैसा राज्यांना कसा वाटायचा? गाडगीळ फॉर्म्युला : लोकसंख्येला ६० टक्के. उरलेल्या ४०चे चार समान वाटे : गरीब राज्यं, करवसुली, चालू पाटबंधारे-वीज प्रकल्प, खास अडचणी. कागद एक, भांडणं सतरा!

बोनस क्विझ. १९६९ला त्यांच्याच अभ्यासगटाने बँकांना जिल्हे वाटून द्यायची कल्पना मांडली. त्यातून आली लीड बँक योजना. तर मालक, सोलापूर जिल्ह्याची लीड बँक कोणती?

बँक ऑफ इंडिया!