क्विंटलातले पंधरा किलो : तुरीच्या डाळीचे वाफवलेले मुटके



गेल्या पावसाळ्यात मी केळापूर तालुक्यातील एका पोडावर गेले होते. कोलाम बांधवांच्या वस्तीला आपल्या जिल्ह्यात पोड म्हणतात, हे आपल्या जुन्या वाचकांना माहीत आहेच. एका घराच्या ओट्यावर अडीच वर्षांची मुलगी आईच्या मांडीवर बसून पाच रुपयांची खाऱ्या खाऊची पुडी चाटत होती. अंगणवाडीच्या तक्त्यावर तिचे वजन वयाच्या मानाने कमी भरत होते. मी आईला विचारले, "घरी वरण करतेस ना?"

ती म्हणाली, "तूर त जानेवारीतच इकली ना ताई. आता डाळ इकत घ्याले पैसा कोठून आनू?"

त्या उत्तराने मला बरेच दिवस झोप लागू दिली नाही. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या ओळींमध्ये तुरीचे तास घालण्याची पद्धत जुनी आहे. ज्या घराच्या शेतात तूर उभी असते, त्याच घरात आषाढ-श्रावणात वरणाला डाळ नसते. पीक निघाले की दुकानदाराची उधारी, बियाण्याचे पैसे, मुलांची फी असे सगळे एकदम दारात उभे राहते आणि तूर शेवटच्या दाण्यापर्यंत बाजारात जाते. उत्पत्तीच्या पुस्तकातील एसावाने भुकेच्या वेळी मसुरीच्या वरणासाठी आपला ज्येष्ठत्वाचा हक्क देऊन टाकला. आमच्या पोडांवर उलटे घडते. इथे आईबाप देणी फेडण्यासाठी वरणच विकून टाकतात. त्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण त्या तुरीतला थोडा वाटा घरात कसा राहील, आणि राहिला तर तो लेकरांच्या पोटात कसा जाईल, याबद्दल दोन वर्षांत जे शिकायला मिळाले ते आपल्यापुढे ठेवते.

माझी पहिली चूक

सुरुवातीला मी मोठ्या उत्साहाने इडलीपात्र, तयार पिठाची पाकिटे आणि खाण्याचा सोडा घेऊन पोडावर गेले. ढोकळा केला, मुलांनी ताटे चाटूनपुसून खाल्ली, फोटोही छान आले. महिन्याने पुन्हा गेले, तर एकाही घरात तो झाला नव्हता. चुलीजवळ बसलेल्या एका आजीने मला कारण सांगितले. "ताई, तुमचं भांडं तुमच्यासंग येते अन् तुमच्यासंगच जाते."

मग तीच उठली. घरातला गंज घेतला, त्यात तळाला पाणी टाकले. बांबूच्या चार कामट्या आडव्या-उभ्या विणून गंजात अडकवल्या आणि वर पळसाची पाने अंथरली. कोलाम बांधव पिढ्यानपिढ्या बांबूच्या टोपल्या आणि ताटवे विणत आले आहेत. वाफेची जाळी विणायला त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती. शिकायचे मलाच होते.

वाफवलेली डाळ आपल्या विदर्भाला नवीन नाहीच. गोळाभातातले गोळे भाताच्या वाफेवर शिजतात. कढीगोळ्यातले गोळे कढीत शिजतात. शेजारच्या खानदेशात तुरीच्या डाळीचे फुणके वाफवून कढीबरोबर खातात. आम्ही फक्त त्यात पाला वाढवला, तिखट कमी केले आणि लहान मुलांच्या हातात मावेल असा मुटका केला.

मुटके कसे करायचे

तुरीची डाळ दोन वाट्या, म्हणजे सुमारे 300 ग्रॅम घ्या. तुरीऐवजी अर्धी चण्याची किंवा मुगाची डाळ घेतली तरी चालते. डाळ दोन-तीन वेळा धुऊन चार-पाच तास भिजत घाला. सकाळी शेतावर जाताना भिजवली की परत आल्यावर तयार असते. भिजवलेले पाणी टाकून द्या. त्याबरोबर पोट फुगवणारे काही घटकही निघून जातात.

डाळ चाळणीत किंवा टोपलीत पूर्ण निथळू द्या. मग पाट्यावर लसूण, जिरे आणि एखादी मिरची घालून भरड वाटा. मिक्सर नसल्याची खंत इथे करायची नाही, कारण बारीक वाटलेल्या डाळीचा मुटका घट्ट आणि चिवट होतो. भरड वाटणात बारीक फटी राहतात, त्यांतून वाफ आत शिरते आणि मुटका मोकळा, हलका होतो. म्हणूनच यात सोडा लागत नाही आणि पीठ आंबवावेही लागत नाही.

वाटणात दोन मुठी बारीक चिरलेला पाला घाला. शेवग्याचा पाला, मेथी, पालक, चवळई, जे दारात असेल ते. त्यात एक कांदा, थोडा सांबार, हळद, मीठ आणि चमचाभर तेल घाला. वाटण सैल वाटले तर दोन चमचे ज्वारीचे पीठ मिसळा. मुठीत दाबून लांबट मुटके वळा. एवढ्यात पंधरा-सोळा मुटके होतात.

गंजातील पाणी उकळू लागल्यावरच मुटके जाळीवर ठेवा. पाणी जाळीला लागता कामा नये, नाहीतर खालचे मुटके भिजून फुटतात. झाकण घट्ट बसत नसेल तर कडेने ओले फडके गुंडाळा, पण त्याचे टोक जाळाकडे लोंबू देऊ नका. वीस मिनिटांनी एक काडी मुटक्यात खुपसून पाहा. काडी कोरडी निघाली म्हणजे शिजले. गरम मुटक्यांवर लिंबू पिळा किंवा पातळ कढी करून तिच्यात बुडवून खा. ज्वारीच्या भाकरीबरोबर तर पूर्ण जेवणच होते.

यात काय दडले आहे

आपल्या शरीराची बांधणी प्रथिनांवर होते. तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅममागे सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात. वर सांगितलेल्या मापाने एका मुटक्यात साधारण 4 ग्रॅम प्रथिने येतात. चार ते सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज साधारण 16 ग्रॅम असते. म्हणजे दोन मुटक्यांनी त्याची निम्मी गरज भागते. अंड्यातील प्रथिने अधिक सहज अंगी लागतात हे खरे, म्हणून अंगणवाडीतून मिळणारे अंडे मुलांना जरूर द्यावे. मुटका त्या अंड्याची जागा घेण्यासाठी नाही. ज्या दिवशी अंडे नाही, त्या दिवसासाठी तो आहे.

डाळ आणि भाकरी यांची जोडी आपल्या आज्यांनी विचार करूनच लावली असावी. प्रथिनांतला जो एक घटक ज्वारीत कमी असतो तो डाळीत भरपूर असतो, आणि डाळीत जो कमी असतो तो ज्वारीत मिळतो. दोन्ही एका दिवसात पोटात गेली की एकमेकांची उणीव भरून काढतात.

पाल्यातून आणि डाळीतून लोह मिळते, पण ते शरीरात सहज शोषले जात नाही. लिंबाचा आंबटपणा तिथे कामाला येतो. याउलट जेवणावर लगेच घेतलेला चहा लोहाला अडवतो. तो तासाभराने घ्यावा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या आणि दर तीन लहान मुलांपैकी दोघांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्यामुळे एक लिंबूही आपल्याकडे किरकोळ गोष्ट नाही.

मात्र मुटका हे औषध नाही. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत. अशक्तपणा दिसला तर आधी उपकेंद्रात रक्त तपासून घ्या आणि लोहाच्या गोळ्या सल्ल्यानेच घ्या.

तळण्याऐवजी वाफवल्याने तेल वाचते हे तर उघड आहे. सरपणही वाचते. भिजवलेली डाळ वीस मिनिटांत शिजते, तर उघड्या भांड्यात तुरीचे वरण शिजायला तासभर जाऊ शकतो. जी बाई डोक्यावर मोळी आणते, तिला या फरकाची किंमत सांगावी लागत नाही.

काही जपण्याच्या गोष्टी

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला मुटका आखा देऊ नका. मिरची न घालता केलेला मुटका कढीच्या किंवा वरणाच्या पाण्यात चांगला कुस्करून भरवा. मोठ्या मुलांनाही बसवूनच खायला द्या, कारण कोरडा घास घशात अडकू शकतो. मुटके त्याच दिवशी संपवा. जाळीसाठी पऱ्हाट्या किंवा तुराट्या वापरू नका, त्यांवर फवारणी झालेली असते. स्वच्छ धुतलेला बांबूच वापरा. आणि फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी घरात पाण्याला किंवा धान्याला घेऊ नका. 2017 साली फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यातील किती घरांत रडारड झाली, ते आपण विसरलेलो नाही.

पंधरा किलोंचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येते. जून ते सप्टेंबर हे चार महिने घरात सर्वांत ओढीचे. या काळात आठवड्यातून दोनदा वरच्या मापाने मुटके करायचे, तर साधारण दहा ते अकरा किलो डाळ लागते. तूर भरडल्यावर दर शंभर किलोंमागे सत्तरच्या आसपास डाळ निघते. म्हणजे पंधरा किलो तूर घरात ठेवली की काम भागते. एका क्विंटलातले पंधरा किलो.

हा हिशेब आम्ही ओट्यावर बसून आईबापांसमोर खड्यांनी मांडला. सगळ्यांना तो पटला असे म्हणणार नाही. एक बाप म्हणाला, "सावकार खडे मोजत नाही, ताई." त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. पण यंदा काही घरांनी तूर कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून, शेणामातीने लिंपलेल्या कणगीत ठेवली आहे. त्या अडीच वर्षांच्या मुलीच्या घरीही एक छोटी कणगी भरली आहे. तिचे वजन थोडे वाढले आहे. ते मुटक्यांनी, अंगणवाडीतल्या आहाराने की देवाच्या दयेने, याचा वाद मी घालत नाही.

10 फेब्रुवारी हा जागतिक कडधान्य दिन म्हणून पाळला जातो. आपल्या मंडळीत त्या सुमारास उपकारस्तुतीची सभा असेल, तर चहाबरोबर भज्यांऐवजी एकदा हे मुटके करून पाहा, ही महिला मंडळाला माझी विनंती आहे. पोडावर येताना मुलांसाठी पुड्या आणू नका. आणायचेच असेल तर शेवग्याचे रोप आणा, किंवा पोडावर विणलेली बांबूची जाळी विकत घेऊन जा. त्या पैशाने कुणाची तरी उधारी थोडी हलकी होईल, आणि कदाचित पाच किलो तूर बाजारात जाता जाता घरात थांबेल.

आपल्या प्रार्थनांत या कणग्यांची आठवण ठेवा. श्रावणापर्यंत त्या भरलेल्या राहोत.

आपली सेवेतील बहीण